तांदळातले सोंडे दर श्रावणात परत का येतात?

२०२२, २०२३, २०२४. तिन्ही वर्षी श्रावणात आमच्या तांदळात सोंडे झाले आणि तिन्ही वर्षी आम्ही ते ‘कायमचे’ घालवले.

पहिल्या वर्षी वाण्याला दोष दिला आणि दुकान बदललं. नव्या दुकानात तोच कोलम किलोमागे दोन रुपयांनी महाग मिळाला, सोंडे फुकट. दुसऱ्या वर्षी तांदूळ उन्हात घातला. तिसऱ्या वर्षी पिंपात तमालपत्रं, लवंगा, सोललेला लसूण, कडुनिंबाचा पाला असं जे जे कोणी सांगेल ते घातलं. झाकण उघडलं की न शिजवताच पुलावाचा वास यायचा. सोंड्यांना तो आवडत असावा.

गेल्या पावसाळ्यात हा प्रकार थांबला, म्हणून हे लिहितेय. थांबला तो कुठल्याही पाल्याने नाही. ज्यांना आम्ही सरसकट ‘किडे’ म्हणत होतो ते आमच्या घरात तीन निरनिराळे प्राणी होते आणि तिघांचे पत्ते वेगळे होते. आम्ही तिघांनाही एकाच पत्त्यावर शोधत होतो, तांदळाच्या पिंपात.

बशीतले तिघे

शनिवारी दुपारी आम्ही पाच मैत्रिणी कोणाच्या तरी घरी जमतो. कोणी क्रोशा घेऊन बसतं, कोणी वारली रंगवतं, एकीला पोस्टाच्या तिकिटांचा नाद आहे. ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. मुलुंडला आमच्याकडे सगळ्या जमल्या होत्या, उपम्याला रवा काढला तर त्यात पोरकिडे. मी डबा तसाच कचऱ्यात रिकामा करायला निघाले तेवढ्यात तिकिटवाली म्हणाली, “अगं थांब, फेकू नकोस. बशी दे एक, पांढरी.”

तिने बशीत रव्यातला एक किडा ठेवला, तांदळाच्या पिंपातून एक आणला आणि खिडकीच्या काचेवर फिरत होता तो एक पकडला. मग पर्समधून तिकिटं तपासायचं भिंग काढलं. दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, “ही काही एका आईची लेकरं नव्हेत.”

तुमच्याकडेही किडे पुन्हा पुन्हा होत असतील तर पहिलं काम हेच. औषध नंतर, आधी बशी आणि भिंग. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा, तेवढ्याने भागतं.

तांदळातला होता तो खरा सोंड्या: काळपट तपकिरी, दोन-तीन मिलीमीटरचा, पुढे सोंडेसारखं निमुळतं तोंड. हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. रव्यातला तांबूस, चपटा, लांबट आणि सोंड नसलेला. हा आख्खा दाणा फोडू शकत नाही. त्याला पीठ, रवा, कणी असं आयतं फुटलेलं लागतं. फार झाले की पिठाला एक विचित्र, औषधासारखा उग्र वास येतो. तो त्यांच्या अंगातून सुटणाऱ्या द्रव्याचा. तसा वास आला असेल तर चाळून वापरायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.

आणि खिडकीतला? तो गोलसर, बुटका, पाठीवर ठिपके. हा कडधान्याचा भुंगा. याला ना तांदळात रस, ना रव्यात. मोठा झालेला भुंगा काही खातसुद्धा नाही, दहा-बारा दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. म्हणून तो डब्यात बसत नाही, उजेडाकडे जातो.

चौथाही एक प्रकार असतो. रव्यात किंवा बेसनात गुठळ्या, जाळ्या आणि घरभर करड्या रंगाची पाखरं. तो पतंग आहे, जाळी त्याच्या अळीची. ती अळी कोश करायला डब्यातून निघून भिंतीवरून वर चढते. छताच्या कोपऱ्यात पांढरट अळी दिसली तर वर कशाला शोधताय, खाली रव्याकडे बघा. आमच्याकडे हा नव्हता, पण पाचजणींपैकी दोघींकडे होता.

ऊन दाखवलं तरी का परत येतात

सोंड्यांचं कोडं सुटलं ते त्यांचा जन्म कळल्यावर. मादी तांदळाच्या दाण्याला तोंडाने भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि ते भोक चिकट द्रव्याने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच जन्मते, आतूनच दाणा पोखरते, आतच कोश करते. बाहेर येतो तो थेट पूर्ण वाढलेला सोंड्या. या सगळ्याला आपल्याकडच्या पावसाळ्यात साधारण महिना लागतो. एक मादी जन्मभरात तीनशेच्या वर अंडी घालू शकते.

म्हणजे आपण तांदूळ पाखडतो, निवडतो, उन्हात पसरतो, तेव्हा जे पळतात ते फक्त मोठे. दाण्याच्या आतली पिढी तशीच राहते आणि महिन्याने, आपण बेसावध असताना, बाहेर पडते. आमचा दर वर्षीचा विजय बरोबर चार-पाच आठवडे टिकायचा, त्याचं कारण हे.

ऊन कामाचं नाही असं नव्हे. पण आतली अळी मरायला दाणा आतपर्यंत पन्नास अंशांच्या वर जावा लागतो आणि तिथे बराच वेळ राहावा लागतो. सप्टेंबरमधल्या मुंबईत ग्रिलवर वाळत टाकलेल्या चादरीखाली ते व्हायचं नाही. शिवाय सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, “अगं, तांदळाला कडक ऊन दाखवू नये, तडकतो.” मी ऐकलं नाही. खरोखरच तडकला. महिनाभर आम्ही भात म्हणून कणीची पेज खाल्ली.

आणि हे मुंबईत इतकं का होतं, तर सोंड्याला आवडणारं हवामान म्हणजे सत्तावीस ते तीस अंश आणि भरपूर दमटपणा. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ओट्याखालच्या कपाटात, जिथे भिंतीपलीकडे मोरी आहे, त्याहून जास्तच. कोकणात आमच्याकडे भात कणगीत असायचा आणि लागेल तसा सडून, म्हणजे टरफल काढून, आणायचे. टरफलासकट भाताला सोंड्याचा त्रास कमी. आपण मुंबईकर सडलेला, पॉलिश केलेला, वर्षभर जुना केलेला तांदूळ आणतो आणि तो मोरीला टेकून ठेवतो.

पिंपाचा तळ

आमची खरी चूक मात्र हवामानाची नव्हती. पंचवीस किलोचं पिंप. त्यात चार-पाच किलो उरले की नवीन पोतं त्यावरच ओतायचं. वरचा तांदूळ संपायचा, खालचा कधीच नाही. तळाशी असलेला तांदूळ किती वर्षांचा होता हे आता सांगता येणार नाही, पण त्यात २०२२ चे वंशज २०२४ मध्ये सुखाने नांदत होते. बिचाऱ्या पहिल्या वाण्याच्या दुकानात मी नंतर मुद्दाम जाऊन दोन किलो साखर घेऊन आले. त्याला कारण कळलं नाही.

पिंप रिकामं केलं, धुतलं, दोन दिवस पंख्याखाली वाळवलं. धुऊन लगेच भरू नका. कोपऱ्यात ओल राहिली की वरची सगळी मेहनत वाया. झाकणाच्या कडेला रबर असतं ते काढून त्याच्या खाचेत बघा. आमच्याकडे तिथे पीठ आणि सात सोंडे निघाले. फळीवर घातलेला कागद, ट्रॉलीच्या रुळांची खाच, गिरणीत दळण न्यायचा डबा, पिठाची चाळणी हेही त्यातच. दळणाच्या डब्याकडे तर कोणाचं लक्षच नसतं.

आता आम्ही एका वेळी पाच किलोच आणतो. वर्षाची बेगमी करायची सवय सोडायला सासूबाईंना जड गेलं. “घरात पोतं नाही म्हणजे काय,” असं दोनदा झालं. पण वन-बीएचकेत, मोरीशेजारी, पोतं ठेवणं म्हणजे सोंड्यांची बेगमी.

फ्रीझर

आणलेला तांदूळ किंवा रवा आधी फ्रीझरमध्ये जातो. उणे अठरा अंशांत चार दिवस राहिला की अंडी, अळ्या, मोठे सगळेच संपतात. मी आठवडा ठेवते, कारण आमच्याकडे फ्रीझर दिवसातून दहा वेळा उघडतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. पिशवी एक किलोचीच आणि चपटी करून ठेवा, गठ्ठा असेल तर मध्यभागापर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो. बाहेर काढलीत की लगेच उघडू नका. पिशवी घराच्या तापमानाला येईपर्यंत, निदान रात्रभर, बंदच ठेवा. नाहीतर बाहेरची दमट हवा गार दाण्यावर पाणी धरते आणि किडे गेले पण बुरशी आली असं होतं. ही चूक मी केलेली आहे, इडलीच्या रव्यावर.

एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात बहुधा तेवढी थंडी नसते, तिथे दोन आठवडे ठेवा. खालच्या कप्प्यात, भाजीजवळ ठेवून किडे मरत नाहीत, फक्त सुस्तावतात.

रव्याला आणखी सोपा उपाय आपल्या आयांना माहीत होताच: आणल्या आणल्या मंद आचेवर कोरडा भाजायचा, गार करायचा, घट्ट डब्यात भरायचा. अंडी भाजून निघतात. शिरा-उपम्याला नाहीतरी भाजायचाच असतो.

काचेवरचा भुंगा कुठून येत होता

तांदूळ सुटला, रवा सुटला. खिडकीतले भुंगे येतच राहिले. रोज सकाळी चार-पाच. कडधान्याचे सगळे डबे पालथे घातले. मूग, मटकी, चवळी, वाल एकेक दाणा बघितला. या भुंग्याची मादी अंडं दाण्याच्या आत नाही, बाहेर चिकटवते. चुन्याचा बारीक ठिपका पडावा तसं दिसतं, आणि भुंगा बाहेर पडला की दाण्याला टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक राहतं. आमच्या एकाही डब्यात ना ठिपका, ना भोक. डाळी बघितल्या नाहीत, कारण फुटलेल्या डाळीच्या वाट्याला हा सहसा जात नाही, त्याला आख्खं लागतं.

मग पुन्हा तिकिटवालीनेच विचारलं, “घरात कडधान्य अजून कुठे आहे? खायचं सोडून?”

कुठे असणार? भाताच्या पेंढीचं तोरण आहे दारावर, पण त्यात कडधान्य नाही. आणि मग आम्ही पाचहीजणी एकदमच दिवाणखान्यातल्या भिंतीकडे वळलो.

२०२३ च्या गणेशोत्सवात सोसायटीच्या स्पर्धेसाठी आम्हीच केलेला धान्याचा गणपती. दोन फूट बाय तीन फूट प्लायवूड, त्यावर फेव्हिकॉलने बसवलेलं कडधान्य. सोंड मुगाची, कान चवळीचे, पितांबर तूरडाळीचं, मुकुटाला राजमा. दुसरा नंबर आला होता. वॉर्निश लावायचं राहिलं होतं, कारण आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही कानच चिकटवत होतो.

भिंग लावलं. सोंड पूर्ण पोकळ. एकेका मुगाला दोन-दोन भोकं. कान झरलेले, हात लावला तर पीठ पडलं. तूरडाळ शाबूत आणि राजमाही शाबूत, कारण हा भुंगा राजम्यावर वाढत नाही. म्हणजे आमच्या घरातल्या बिनसोंडेच्या किड्यांचं माहेर बाप्पाच्या सोंडेत होतं. वर्षभर आम्ही त्याला रोज उदबत्ती ओवाळत होतो.

आता याचं करायचं काय? पाचजणींत एक माहीमची, तिच्याकडे मासळीसाठी वेगळा डीप फ्रीझर आहे. आडवा ठेवला तर फ्रेम मावली असती. ती म्हणाली, “द्या माझ्याकडे आठवडाभर.” सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. “बाप्पा आणि बोंबील एकाच फ्रीझरमध्ये?” पुढे कोणी काही बोललं नाही.

दोन दिवस फ्रेम तशीच जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी लावून ठेवली. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, “मातीचा असता तर दीड दिवसात पाण्यात घातला असता ना? मग?” बादलीत कढत पाणी केलं, हात जोडले, प्लायवूड त्यात धरलं. फेव्हिकॉल सुटायला तासभर लागला. फुगलेलं कडधान्य गच्चीवरच्या कुंड्यांच्या मातीत गेलं. खिडकीतले भुंगे पंधरा दिवसांत बंद झाले, म्हणजे जे बाहेर होते तेवढ्यांचं आयुष्य संपलं आणि नवे आले नाहीत.

२०२५ चा गणपती आम्ही पुन्हा धान्याचाच केला. फक्त सगळं धान्य आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवलं आणि चिकटवून वाळल्यावर वॉर्निशचे दोन हात दिले. शाळेच्या प्रकल्पाचं धान्यचित्र, पोरांनी केलेला मुगाचा खुळखुळा, चिमण्यांसाठी गॅलरीत ठेवलेली बाजरीची पिशवी, रुखवताची धान्याची रांगोळी असं काही तुमच्या घरात असेल तर तिथून शोधायला सुरुवात करा.

पत्ता सापडत नसेल तर

तिकिटवालीची ही युक्ती मला सगळ्यात उपयोगी वाटली. रिकाम्या, स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्या, जामच्या किंवा लोणच्याच्या. प्रत्येक डब्यातलं मूठभर धान्य एकेका बाटलीत, अर्ध्यापर्यंतच. झाकण घट्ट, वर नाव आणि तारीख. महिना-दीड महिना फळीवर ठेवून द्या. ज्या बाटलीत किडे दिसतील तो डबा गुन्हेगार. आज स्वच्छ दिसणाऱ्या दाण्याच्या आत काय आहे, हे घरच्या घरी कळायचा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

घरगुती उपायांबद्दल, माझ्या मते

तमालपत्र, लवंग, कडुनिंब: बाहेरून येणाऱ्याला थोडं बिचकवत असतील, आत जन्मलेल्याला नाही. पाला ओलसर घातलात तर उलट दमटपणा वाढतो. काडेपेट्या धान्यात ठेवू नका, त्यांचा गूल खाण्यात जायचा. बोरिक पावडर आमच्याकडे वर्षानुवर्षं चोळत होते, मी बंद केलं. लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच.

एरंडेल मात्र खरंच चालतं, पण कडधान्यावर. किलोला एक छोटा चमचा तेल हातावर घेऊन सगळ्या दाण्यांना चोळायचं. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की भुंग्याची अंडी नीट जगत नाहीत. शेंगदाण्याचं तेलही चालतं. वालाला मी तेच लावते, कारण बिरड्याला एरंडेलाचा वास घरात कोणाला सोसत नाही.

कोरडं कडधान्य प्लास्टिकच्या शीतपेयाच्या बाटलीत गळ्यापर्यंत ठासून भरणं हाही चांगला उपाय. आतल्या किड्यांना आहे तेवढीच हवा मिळते, ती संपली की तेही संपतात. अर्धी बाटली भरलीत तर ती हवा त्यांना खूप दिवस पुरते, म्हणून काठोकाठ.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘धान्यात ठेवायच्या गोळ्या’ म्हणून काही ठिकाणी राखाडी गोळ्या सुट्या मिळतात. ते बहुतेक अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि तो तुमच्या कपाटात थांबत नाही, शेजारच्या घरात जाऊ शकतो. ते गोदामात, प्रशिक्षित माणसांनी वापरायचं औषध आहे. राहत्या घरात, मुंबईच्या खुराड्यात, एकही गोळी आणू नका. कोणी फुकट दिली तरी.

एखाददुसरा सोंडा निघालेला तांदूळ फेकावा का, हे शनिवारी दर वेळी विचारलं जातं. आम्ही फेकत नाही. पाखडायचा, तीन-चार पाण्यांनी धुवायचा, पोकळ दाणे आणि किडे वर तरंगतात ते पाण्याबरोबर जाऊ द्यायचे. भुगा झाला असेल, वास येत असेल तर मात्र नाही.

गेल्या पावसाळ्यात फळीवर नऊ बाटल्या मांडल्या होत्या. दीड महिन्याने आठ स्वच्छ निघाल्या. नववीवर लेबल होतं ‘धणे, माळ्यावरचे’. तिच्या झाकणाखाली एक बारीक, तपकिरी, कुबडा ठिपका हलत होता. तिकिटवालीला फोन केला. म्हणाली, “बशी काढून ठेव, शनिवारी येते.”